नितेशकडचं येणं अक्षताच्या नावे

मी, देवेश दत्ताराम घाडी, वय २९, राहणार भांडुप पश्चिम, धंदा एका जागी न टिकणारा, आज शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. म्हणजे दबाव आहे, धाकट्या बहिणीचा. परवा मोटरसायकलने स्पितीला निघतोय म्हटल्यावर अक्षता म्हणाली, "आधी मृत्युपत्र लिही दादा, मग कुठे मरायचं तिथे मर." आई ओरडली, पण मला पटलं. मागे ठेवण्यासारखं आत्ताच कुठे काही झालंय.

१. खोली आईच्या, नीला घाडी यांच्या नावावर आहे. ती माझी नाहीच, त्यामुळे तिच्यावरून भांडू नये.

२. मोटरसायकल विकून पैसे आईला द्यावेत. नितेशला विकू नये, रोखीनेसुद्धा.

याचं कारण. मी वर्सोव्याला होड्यांवर बर्फ चढवत होतो (लादी खांद्यावर नाही, पाठीवर घ्यायची; असो) तेव्हा हा माझा मित्र स्वतःसाठी बाईकचं कर्ज काढत होता. "यार, जामीन म्हणून नुसती सही आहे ना!" म्हणाला, मी केली. हप्ते त्याने बुडवले. फायनान्स कंपनीने दावा लावला, हुकूमनामा दोघांवर झाला. आई म्हणाली, "रे झिला, वाचल्याशिवाय सही कित्याक केलंस?" मी हसलो आणि गोकर्णला गेलो.

मग अक्षताला नर्सिंगला प्रवेश मिळाला. बाबा नाहीत, म्हणून शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार मी. बँकेतल्या मॅडमनी माझं सिबिल उघडलं. थकबाकी, वर 'दावा दाखल' असा शेरा. अर्ज नामंजूर. पोरीचं वर्ष गेलं आणि तिने प्रवेशाचं पत्र घडी घालून कपाटात ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वसुलीवाला म्हणे, "अर्ध्यात मिटवून टाक." मॅडम म्हणाल्या, "अहो, तडजोड केलीत तर तोही शेरा राहतो. पूर्ण भरा." मानखुर्दला टेम्पो चालवून व्याजासकट भरलं. कोर्टात पूर्तता नोंदवली. कंपनी शेरा काढेना, तर तक्रारीवर तक्रार केली. निघाला! परवा अक्षताचं कर्ज मंजूर झालं. झकास.

३. त्या कर्जाएवढा माझा विमा आहे. आधी बँकेची तेव्हा असेल ती बाकी, उरलेलं आईला.

४. नितेशच्या वतीने मी भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा माझा हक्क अक्षताला देतो. ती माझ्यासारखी गोकर्णला जाणारी नाही. नितेश, तुझी वाट लागली.

५. आमच्याकडे स्मशानात वडीलधारा माणूस विचारतो, "गेलेल्याकडे कोणाचं देणं असेल तर सांगा." ते धोंडिराम काकांनी विचारावं, खणखणीत. घाई करू नये, सगळ्यांकडे नीट बघावं. कोणी पुढे येणार नाही. मग सगळ्यांना चहा द्यावा आणि चहावाल्याचे पैसे तिथल्या तिथे चुकते करावेत.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं, मग सही केली.

देवेश दत्ताराम घाडी

आमच्यासमोर सही केली:
१. धोंडिराम बाळकृष्ण परब
२. संघमित्रा अंबादास कांबळे

भांडुप, १९ सप्टेंबर २०२५