चार वितींचं टेबल

३ मार्च, सकाळी ९
मुलगा आणि सूनबाई दुसरं घर बघताहेत. मला सांगितलेलं नाही, पण भिंतीला कान लावला की सगळं कळतं. कारण काय, तर मुलाचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं. तो मीटिंगमध्ये, आणि आमची ही, म्हणजे त्याची आई, शेजारी भांडी आपटते. पलीकडून साहेबाने विचारलं म्हणे, तुमच्याकडे मारामारी चालली आहे का? महिनाअखेर निर्णय.
उपाय सापडला. मागच्या खोलीत मुलासाठी स्वतःच्या हाताने टेबल करणार. दार लावून खुशाल काम कर म्हणावं. मी सुताराचा मुलगा आहे. हे काम रक्तातच असतं.

५ मार्च
माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पेटी काढली. करवत, रंधा, पटाशी, हातोडी. मापाची लाकडी पट्टीही होती, दोन तुकड्यांत. ती माझ्या पाठीवर मोडली होती. माप चुकलं की सहा फटके, मोजून. सातवीतून शाळा सुटली, वडिलांच्या हाताखाली आठ महिने काढले आणि पळालो. पुढे जन्मभर गोदामात हजेरी लिहिली.
सूनबाई म्हणाली, बाबा, टेप आणून देऊ? म्हटलं, पट्टी आणि टेप या घरात नको. माप माझ्या वितीने. वीत काही कुणाला मोडता येत नाही.

८ मार्च
फळ्या आणल्या. कोपऱ्यावरच्या सुताराने चौकशा केल्या. टेबल? उंची किती, आजोबा? म्हटलं, चार विती. तो म्हणाला, कुणाच्या? दुकानातले सगळे हसले. मी फळी उगारली. फळी जड निघाली म्हणून वाचला.

११ मार्च, दुपारी ४
दोन पाय कापले. कसले कापले, खून केले! करवत दोनदा अडकली, दोनदा लाथ घातली. मग हातोडी डाव्या अंगठ्यावर बसली. फळी लाल, भिंत लाल, हिची साडी लाल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी मारलं? म्हटलं, मीच. त्यांनी हिच्याकडे संशयाने पाहिलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तरी जबडा आवळल्यासारखा वाटतो. ही म्हणाली, आवळू दे चार दिवस.

१४ मार्च
उरलेले दोन पाय कापले. पट्टीत बांधलेला अंगठा पुरता ताणत नाही. पण वीत ती वीत. हात माझाच आहे.

१९ मार्च
खालच्या मजल्यावरचा ड्रिलमास्तर वर आला. म्हणाला, छताचा गिलावा माझ्या चहात पडतो. म्हटलं, चहा झाकून प्या. त्याने कॉलर धरली, मी मान धरली. दोघांची वयं मिळून दीडशेच्या पुढे. त्याने चप्पल हाणली, मी टेबलाचा पाय त्याच्या नडगीवर हाणला. ढकलत ढकलत बाहेरच्या खोलीत आलो. तिथे मुलाची मीटिंग. ड्रिलमास्तरच्या शेवटच्या फटक्याने माझी कवळी उडाली ती थेट कीबोर्डवर. बावीस माणसांनी पाहिलं.
मुलाने कॅमेरा बंद केला आणि कवळी मला आणून दिली. अभिमान वाटला असावा.

२३ मार्च
टेबल उभं केलं. डुलतं. फरशी वाकडी आहे, बांधणाऱ्याला फटके द्यायला हवेत. लांब पाय थोडे कापले. आता दुसरे लांब झाले. तेही कापले.

२५ मार्च, दुपारी
सकाळपासून सात वेळा कापले. टेबल दीड वीत उरलं, आणि तरीही डुलतं. कापायला सोयीचं म्हणून जेवणाच्या टेबलावर उलटं ठेवलं होतं. अचानक काय झालं कळलं नाही. हातोडी उचलली. हरामखोरा, माप चुकवतोस? एक, दोन, तीन. सहा घातले, मोजून. माझं टेबल शाबूत राहिलं. खालचं दुभंगलं. मुलाचा कॉम्प्युटर फरशीवर.
मुलाने माझा हात धरला. म्हणाला, बाबा, बास.
मी पाठ वाकवून, डोळे मिटून उभा राहिलो. जुनी सवय. मारलं नाही त्याने. तो कशाला मारेल? त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणलं. मग तुकडे गोळा करत म्हणाला, आम्ही एकतीसला निघतो.
सहा दिवस आहेत. माणूस विचार बदलतो.

२८ मार्च
अंगठ्याची पट्टी सुटली. पेन्सिलच्या खुणांवर हात ठेवून पाहिला. पहिल्या दोन पायांच्या खुणांवर वीत चपखल बसते. नंतरच्या खुणांच्या बोटभर पुढे जाते. या वयात वीत वाढली! डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

३१ मार्च, संध्याकाळी ६
टेम्पो आला, गेला. टेबल न्या म्हटलं. मुलगा म्हणाला, राहू दे बाबा, तुम्हालाच लागेल. हीसुद्धा गेली, स्वयंपाकघर लावून द्यायला. चार दिवस म्हणाली. बॅगा दोन नेल्या.
जेवायला दुसरं टेबलच नाही, त्यामुळे जमिनीवर बसून याच टेबलावर जेवलो. लिहितोही इथेच. उंची अगदी बरोबर. आमटी तेवढी एका बाजूला जाते.
आत्ता मुलाचा व्हिडिओ कॉल आला. फोन टेबलावर टेकवून बसलो. म्हणाला, बाबा, जरा सरळ बसा, तिरके दिसताय. म्हटलं, मी सरळच आहे, तुमच्या नव्या घराची फरशी उतरती असेल. मालकाला दाखवा. नाहीतर परत या.
तो हो म्हणाला की नाही, ते ऐकू आलं नाही. फोन घसरून खाली पडला होता.