लाल दोऱ्याची गाठ

संध्या गो, माझ्या धाकट्या बहिणीला जयभीम.

नागपुरात आमी सगळी मजेत आहोत. सून संघरत्नाला सातवा महिना लागलाय. फोनवर बोलताना ती जवळच बसते, म्हणून तुला हे पत्र.

बाळासाठी गोधडी शिवायला घेतलीय. तू दिलेलं आईचं लुगडं वरून लावलंय. पण काल घातलेले टाके आज नसतात. चार ओळी घालाव्या, तर दोनच उरतात. माझा संशय संघरत्नावर. तिला सगळं सरळ लागतं, माझे टाके जातात वाकडे. तोंडावर म्हणते, "आई, छान झालंय." आणि मी दुपारी आडवी झाले की उसवत असणार.

मग मी पण डोकं चालवलं. शेवटच्या टाक्याला खूण म्हणून लाल दोरा बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओळ उसवलेली आणि लाल दोरा नाय. घरभर शोधला. मिळाला कुठं, तर माझ्याच पदराच्या गाठीत.

माझ्या पदराला माझ्याशिवाय कोण गाठ मारणार गो? वाकडं दिसलं म्हणून मीच उसवलं असणार. मला कायपण आठवत नाय.

आता वाकडा टाका तसाच ठेवते. तो दिसला की कळतं, काल मी शिवायला बसले होते. बाळ काय पट्टी घेऊन मोजणार आहे?

तुझे गुडघे कसे आहेत? आणि खरं लिही, तुझ्याकडं शेणव्याला राहायला होते, तवा पण मी असंच करायची का? मला एसटीत बसवताना तू एवढी का रडलीस?

हेच पत्र तुला दुसऱ्यांदा आलं, तर मला सांगू नको.

तुझीच ताई,
धोंडाबाई