ब्लू लायनची दोनशे वर्षं

३ मार्च १९९८, मंगळवार

ग्लेनिसनं विचारलं, मी हो म्हटलं. तिच्या ब्लू लायनला मे महिन्यात दोनशे वर्षं होतात. पबचा इतिहास लिहून भिंतीवर लावायचाय. "तू कालव्याची इंजिनिअर, तुझं माप चुकत नाही. त्यात तुझा बाप नावेवर वाढलेला. दुसरं कोण लिहिणार, बये?"

आजच मोजायला सुरुवात केली. पाण्याकडची भिंत ११.४२ मीटर. एकही कोपरा काटकोनात नाही.

९ मार्च

बाबांना विचारलं, तुमच्या लहानपणी ब्लू लायन कसा होता?

"ओला."

एवढंच. मग डार्ट्स खेळायला उठले.

१७ मार्च, मंगळवार

जोसलिन! गावात येऊन दीड वर्ष झालं नाही. आधी कुठेतरी शाळेत शिकवायची. दुपारी तीनला पबमध्ये खिडकीपाशी बाबा तिच्यासमोर बसले होते आणि बोलत होते – सलग, हातवारे करून.

"...नाव ओढताना पुलाखाली घोडा कधी थांबायचा नाही. पण ब्लू लायन दिसला की पाय रोवायचा! माझ्या बापापेक्षा त्यालाच तहान जास्त."

ती खदखदून हसली. मी जवळ गेले तर दोघं गप्प. तिनं वही मिटली.

त्या घोड्याबद्दल मला सत्तावीस वर्षांत एक वाक्य नाही.

१८ मार्च

हा मत्सर नाही, असं काल लिहिणार होते. खोटं झालं असतं.

२६ मार्च

टपालखात्याच्या जुन्या नोंदींत चांगलं सापडलं. नाववाल्यांची पत्रं ब्लू लायनच्या पत्त्यावर येत. पबची मालकीण ती उघडून वाचून दाखवायची, उत्तरंही तीच लिहायची. बहुतेक नावाड्यांना अक्षरओळख नव्हती – नाव आज इथे, उद्या बर्मिंगहॅमला; मुलं शाळेत जाणार कधी? एका बैठकीत दोन पानं झाली. नेटकी झाली आहेत.

३१ मार्च, मंगळवार

पुन्हा ती. पुन्हा तेच टेबल. तिसरा मंगळवार, माझ्या माहितीतला. ती स्वतःच पबचा इतिहास लिहितेय, दुसरं काय! मी भिंती मोजायच्या, आणि माझा बाप तिनं न्यायचा.

१४ एप्रिल, मंगळवार

रविवारी, ईस्टरच्या जेवणानंतर, बाबांना माझी चौदा पानं दिली. दहा मिनिटांत परत. "टायपिंग झकास आहे." एक प्रत त्यांच्याकडेच ठेवली.

आज ती प्रत जोसलिनसमोर! वर तिच्या पेन्सिलीच्या रेघा!

"माझे कागद," मी म्हटलं आणि उचलले.

"रोवेना, थांब, तुला वाटतंय तसं –"

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. "आजीवर गेलीय. ती पण आधी मारायची, मग विचारायची."

काउंटरवरचे सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

१६ एप्रिल

ग्लेनिसला सांगून टाकलं – एकतर ती लिहील, नाहीतर मी.

"ती कुठे काय लिहितेय?"

"मग दर मंगळवारी काय चालतं?"

ग्लेनिस एकच ग्लास बराच वेळ पुसत राहिली. "बापाला विचार. मला शपथ घातलीय त्यानं."

घरी येऊन पेन्सिलीच्या रेघा पहिल्यांदा नीट पाहिल्या. त्या दुरुस्त्या नाहीत. लांब शब्दांचे उभ्या रेघांनी तुकडे पाडलेत, दोन-दोन, तीन-तीन. फक्त पहिल्या पानावर. बाकीची तेरा कोरी.

चष्मा. हॉटेलात, बँकेत, माझ्या पदवीदानाला – बाबांचा चष्मा कायम घरी राहिलेला असायचा. आई असेपर्यंत आई वाचून दाखवायची. तिच्यानंतर मी. बाबांचं अक्षर कसं आहे, मला माहीत नाही.

आणि अक्षरओळख नसलेल्या नावाड्यांवरची ती दोन पानं मी लिहिली. नेटकी!

२१ एप्रिल, मंगळवार

कागद परत नेऊन त्या टेबलावर ठेवले. जोसलिन बाकावर सरकली. बाबांनी वर पाहिलं नाही.

"बसायचं असेल तर बस. मध्ये बोलायचं नाही."

बसले. सात ओळींना वीस मिनिटं. नंतर जोसलिनला माफ करा म्हटलं. तिनं पटकन केलंसुद्धा. त्याचाही थोडा राग आला.

५ मे, मंगळवार

आज दुसरं पान. बोट ओळीखाली. "तबेल्यात – सात – घोड्यांची – ठाणं – होती." बाबा थांबले. अडले असं वाटून मी तोंड उघडलं. अडले नव्हते.

"सहा," ते म्हणाले. "खोड ते. सातव्या ठाणात आई बाळंत झाली. माझ्या वेळी."