शेळ्यांच्या कायद्यातलं कलम चौदा

सेंट बार्डल्फ बेट,
मंगळवार (तारीख कॅलेंडरवर आहे, पण धुक्यामुळे ते इथून दिसत नाही)

तीर्थरूप जोसाया मामांना,

भाचा अँब्रोज याचा वाकून नमस्कार. तुमच्या पायाचा वाताने सुजलेला अंगठा कसा आहे? वाईन सोडल्यापासून अंगठा सुधारला आणि स्वभाव बिघडला, असं मामींनी गेल्या पत्रात लिहिलं होतं. मामींचा खोकला, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, तुमच्या खात्यातले नवे साहेब, सगळ्यांची खुशाली कळवावी. ती माझ्या हाती पडेल तेव्हा चार महिन्यांची शिळी असेल, पण आम्ही इथे तीच ताजी समजून वाचतो.

इकडे मी मजेत आहे. (हे खोटं आहे, पण पत्राच्या सुरुवातीला दुसरं काय लिहितात?) खरं ते आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढचं तुम्ही चहा गार न होऊ देता वाचाल. हेस्टर शुक्रवारच्या जहाजाने इंग्लंडला परत चालली आहे, कायमची. आणि जिच्यामुळे माझं घर घर आहे, तिला त्या घरातून बाहेर काढणारा कायदा तुमच्या या हुशार भाच्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

हेस्टर तुम्हाला आमच्या लग्नात दिसली असेल. माझ्या बायकोची, ऑगस्टाची धाकटी बहीण, उंच, कुणाचंही ऐकून न घेणारी. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टाच्या आजारपणात ती शुश्रूषेला इथे आली. ऑगस्टा त्याच हिवाळ्यात गेली. हेस्टर पुढच्या जहाजाने परतणार होती, पण ते तिला ताप आल्याने चुकलं. त्यानंतरच्या वेळी चुलीवर संत्र्यांचा मुरंबा होता आणि पाक तारेवर आलेला असताना कुठलीही शहाणी बाई समुद्र ओलांडत नाही. तिसऱ्या वेळी ती पेटी घेऊन धक्क्यावर गेली, तासभर धुक्यात उभी राहिली आणि जहाज दिसलंच नाही म्हणून परत आली. (जहाज तिथेच होतं. त्याची घंटा मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मी तसं तिला सांगितलं नाही.) चौथ्या जहाजापासून कारण विचारायचंच आम्ही सोडून दिलं.

या बेटावर राहून माणसाचं असंच होतं, मामा. धुकं सकाळी समुद्रातून उठतं, बाजारातून वर चढतं, खिडकीशी येऊन थबकतं आणि दुपारपर्यंत कुठलीच गोष्ट पुरती खरी वाटत नाही. समोरून येणारा माणूस आधी नुसता आवाज असतो, मग टोपी, मग माणूस. अशाच एका दुपारी हेस्टर खिडकीशी बसून माझा एक मसुदा स्वच्छ लिहून काढत होती (माझं अक्षर तुम्ही जाणताच, सरकारही जाणतं). तिच्या बोटाला शाई लागली. तिने ते बोट तोंडात घातलं, चेहरा वाकडा केला आणि पुन्हा लिहायला लागली. एवढंच झालं. पण ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. मला हेस्टर आवडते, मामा. फार आवडते.

आता आपला कायदा तुम्हाला काय सांगायचा? बायको वारली तरी तिची बहीण ती आपली बहीण, लग्नाचं नाव काढायचं नाही. (पाणी भरायला थांबलेल्या एका जहाजावरच्या हिंदी तांडेलाला मी हे समजावून सांगितलं, तर तो इतका हसला की हातातला भात सांडला. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘आमच्या गावात मेव्हणीच बघतात आधी. पोरांना मावशी ती मावशीच, हंडेभांडीसुद्धा ओळखीची!’ मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे सुधारणा अजून पोचायची आहे. पण त्या रात्री मला त्याचा हेवा वाटला.)

तेव्हा मी ठरवलं, कायदा बदलायचा. विधिमंडळाचा कारकून मीच. आमचे कायदे लंडनला वसाहत खात्यात तुमच्या टेबलावर तयार होऊन येतात, ते शिजतात कसे तेही ऐका. नवा कायदा हवा झाला की मी दुसऱ्या कुठल्यातरी वसाहतीचं राजपत्र काढतो, त्यातला कायदा उतरवतो आणि गावाचं नाव बदलतो. त्यामुळे आमच्या बेटावर परवान्याशिवाय हत्ती नदीत उतरवता येत नाही. आमच्याकडे हत्ती नाही आणि नदीही नाही, पण सात वर्षांत हा कायदा एकदाही मोडलेला नाही याचा गव्हर्नरसाहेबांना अभिमान आहे. गव्हर्नरसाहेब म्हणजे कर्नल रॅग. भला माणूस, पण सगळं चित्त शेळ्यांवर. त्यांनी डोंगरावर हौसेने लावलेली रोपं गावच्या मोकाट शेळ्यांनी बुडख्यापर्यंत फस्त केली, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. त्यांनी शेळ्यांना वेसण घालणारा कायदा मागितला. मी तेरा कलमं शेळ्यांची लिहिली आणि चौदावं माझं घातलं: या बेटावरील विधुरास आपल्या मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह करण्यास यापुढे कोणताही अडथळा राहणार नाही.

मसुदा हेस्टरपुढे ठेवला आणि मी कोळसा आणायला गेलो. (बादली काठोकाठ भरलेली होती.) बऱ्याच वेळाने परत आलो तर चौदाही कलमं उतरवून झाली होती, शाई टिपलेली होती. ती वर न बघता म्हणाली, ‘अँब्रोज, शेळ्यांना लागून ताईचा विषय नको. मध्ये एक ओळ मोकळी सोड.’ मी सोडली. मला बोलणं जमत नाही, मी मसुदे करतो.

नियमाप्रमाणे कायदा सभेत तीनदा मोठ्याने वाचावा लागतो. माझ्या वाचनाची बेटावर ख्याती आहे. झोप न येणाऱ्या आजाऱ्यांसाठी डॉक्टरांनी मला दोनदा बोलावून नेलं आहे. सभेची खोली कस्टमच्या गोदामावर, खालून कांद्यांचा आणि माशाच्या तेलाचा वास, खिडकीतून धुकं. दुसऱ्या कलमाला गव्हर्नरसाहेब प्रसन्न चेहऱ्याने पेंगले, पाचव्याला बाकीचे. दहाव्याच्या सुमाराला मलाच वाटायला लागलं की मी घरी आहे, हेस्टर समोर बसली आहे आणि हे सगळं मी तिलाच वाचून दाखवतो आहे. चौदाव्या कलमाला मी आवाज आणखी मऊ केला. शेवटी मत विचारलं तेव्हा झोपेतच कुणीतरी ‘हो’ म्हणालं. कायदा मंजूर झाला आणि मी घरी तरंगत गेलो.

मंजूर कायदा चर्चच्या दारावर खिळे मारून लावायचा असा इथला रिवाज आहे. रविवारी साऱ्या गावाने तो वाचला. (सोमवारी तो शेळीने खाल्ला, पण उशीर झाला होता.) वाचणाऱ्यांत आमचे पाद्रीबुवा टिडमार्श होते. ते स्वतः सभासद, तिन्ही वाचनांना हजर आणि तिन्ही वेळा गाढ. ते तडक चहाला आले.

‘काय रे अँब्रोज, हेस्टरबाई सहा वर्षं तुझ्या घरात आहेत. मी कधी चकार शब्द काढला?’

‘नाही, पाद्रीबुवा.’

‘कारण कायद्याने त्या तुझी बहीण. भावाघरी बहीण राहिली तर कोण काय बोलणार? आता तू त्यांना लग्नाजोगी करून ठेवलंस. लग्नाजोगी बाई विधुराच्या घरात कशी राहील?’

‘मग लग्न लावून द्या.’

‘कसं लावू? शेवटचं कलम वाच, शहाण्या!’

शेवटचं कलम पंधरावं. राणीसाहेबांची मंजुरी लंडनहून येईपर्यंत हा कायदा लागू होणार नाही. मामा, ते वाक्य प्रत्येक कायद्याच्या शेपटीला असतं, मी ते डोळे मिटून लिहितो. मी म्हटलं, म्हणजे कायदा अजून लागूच नाही, हेस्टर अजून माझी बहीणच! त्यावर ते म्हणाले, ‘कायदा झोपलाय बाबा, गाव जागं आहे.’

हेस्टरने त्यांना आणखी चहा विचारला, कप विसळून ठेवले आणि माळ्यावरून पेटी काढली. आता ती विधवा पिंकनीबाईंकडे राहते. पाद्रीबुवांनी तिच्यासाठी जहाजावर जागाही धरून ठेवली आहे. मी संध्याकाळी पिंकनीबाईंच्या कुंपणापाशी जातो. धुक्यात खिडकीचा पिवळा चौकोन तेवढा दिसतो. थोडा वेळ उभा राहतो आणि घरी येऊन थंड मटण खातो.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. अंगठ्याला जपा, मामींना माझा नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
अँब्रोज नँकिव्हेल

ता. क. खुशाली विचारायला पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल तर ते थोडंसंच खरं आहे. शेळ्यांचा कायदा याच जहाजाच्या टपालाच्या थैलीतून तुमच्या खात्यात येतो आहे. तुम्हीच एकदा म्हणाला होतात की शेळ्यामेंढ्यांचे कागद ढिगाच्या तळाशी दोन-दोन वर्षं पडून असतात. मामा, तो कागद वर घ्या. कुणाचं लक्ष नसताना, चहाच्या वेळी. जन्मभर तुम्ही नियम मोडला नाहीत हे मला माहीत आहे. एकदा मोडा.

ता. क. दुसरा. हे पत्र तुम्हाला वाचता आलं यावरूनच तुम्ही ओळखलं असेल. हेस्टर आपलं शिवणकामाचं अंगुस्तान विसरली म्हणून आत्ता आली होती. टेबलावर माझी पानं पाहिली आणि सवयीने स्वच्छ लिहायला बसली. मी मागच्या अंगणात होतो. आत आलो तेव्हा ती ता. क.च्या पानापर्यंत पोचली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

‘राणीला विचारलंस,’ ती म्हणाली, ‘गव्हर्नरला विचारलंस, झोपलेल्या माणसांना तीन-तीनदा वाचून दाखवलंस. आता मामांना साकडं घातलंस. आणि मला कोण विचारणार?’

‘पण कलम चौदा तू स्वतःच...’

‘ते मी उतरवून काढलं. तसा मी हत्तींचा कायदाही उतरवलाय. म्हणून मी हत्ती पाळू?’

मग मी विचारलं. उभं राहून, मसुदा न करता, एकदाच. ती झोपली नाही. ‘हो’ कुणी म्हटलं याबद्दल या वेळी काही शंका नाही.

ता. क. तिसरा. तरीही ती शुक्रवारी जाणारच आहे. ती म्हणते, ‘कागदाला तोंड नसतं म्हणून तो दोन वर्षं पडून राहतो. मला तोंड आहे.’ त्या कागदासोबत ती तुमच्या खात्यात येणार आणि सही होईपर्यंत रोज येणार. मी हरतऱ्हेने सांगून पाहिलं. वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल. मला या घरात एकट्याने जेवायची सवय नाही, मामा, आणि मला भीती वाटते. पण ती ऐकत नाही, आणि ती स्वतः येणार म्हटल्यावर तुम्हाला नियम मोडायला नको. तेव्हा माझी पहिली विनंती रद्द समजा, कागद असेल तिथे राहू द्या. एवढंच करा, ती आली की तिला तुमच्या खोलीबाहेर एक खुर्ची द्या. पाठ असलेली, शेकोटीजवळची.

ता. क. चौथा, हेस्टरच्या हातचा. मामा, तुम्हाला मामा म्हणायची मंजुरी अजून यायची आहे, तरी म्हणते. खुर्ची नको. बसलेल्या माणसाला सरकारात विसरतात. मी उभीच राहीन.