ठकीचं बाळंतपण

मंगळवार, ३ मार्च

वहीबाई, माफी असावी. फार उशिरा आलो. ठकीला नराकडे नेऊन आणली त्या दिवसापासून तुला हात लावायचा धीर झाला नाही. वाटायचं, लिहिलं की बिनसेल. आता पोट एवढं दिसतंय की लपवाछपवीत अर्थ नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. उजेडासमोर धरून बोटाने दाखवलं, कण्यांच्या बारीक बारीक माळा. "सात आहेत, आजोबा." मला सहाच दिसले. परत मोजायला लावले. सात. "नक्की?" तर म्हणाल्या, "बाहेर आले की तुम्हीच हजेरी घ्या."

सात! मी जन्मभर वजनकाट्यावर बसलो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. शाळा सहावीतच सुटली, पण वजाबाकीत कधी चुकलो नाही. तरी या एवढ्याशा गाडीत सात नग बसले कसे, ते डोक्यात शिरत नाही.

ठकी तशी आमची नाहीच. लेकीची. तिच्या नोकरीच्या गावी भाड्याच्या घरात कुत्रं चालेना, म्हणून इथे ठेवून गेली. जाताना बजावलं होतं, "बाबा, तिला जीव लावा, पण सारखे तिच्या मागे मागे फिरू नका." मी कुठे फिरतो? आता लेकीने स्वतःचं घर घेतलंय, पण ठकी इथलीच होऊन गेली. म्हणून लेकीला तिचं एक पिल्लू हवंय. बाकीच्यांची घरं मी आधीच ठरवलीत, स्वतः जाऊन बघून आलोय. एकाला मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यायला हवं होतं. म्हटलं, सायकल घ्या.

ही एकच वीण. मग ठकीचं ऑपरेशन, पुन्हा हा जाच नाही. चौथं वर्ष लागेपर्यंत थांबलो. दोघांचे खुबे तपासले, डोळे तपासले, तेव्हा होकार दिला. नराचा मालक (आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो, झोपतानाही काढत नसावा) वैतागून म्हणाला, "जावयाची एवढी चौकशी केली नव्हती हो मी!" म्हणूनच जावई तसा आहे. हे मनात म्हटलं.

गुरुवार, ५ मार्च

पेटी तयार. प्लायवूडची, ठकी आडवी पसरून वर जागा उरेल अशी. आतून चारही बाजूंना दांडी ठोकलीय, म्हणजे आई भिंतीला टेकली तरी मधल्या फटीत पिल्लू चिरडणार नाही. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या चादरी. कोपरे घासून घासून गुळगुळीत केले.

ठकीने एकदा वास घेतला आणि जाऊन कपड्यांच्या कपाटाखाली झोपली.

ही म्हणाली, "अहो, तिला आवडेल तिथे व्यायेल ती. तुम्ही झोपा पेटीत."

रोज दोनदा ठकीचा ताप बघायचा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. अंग एकदम गार पडलं की एका दिवसात कळा सुरू. मी चारदा बघतो. दोनदाच बघितला आणि मधेच उतरला तर?

शनिवार, ७ मार्च

आज एका माणसाचा फोन. पिल्लू घेणार होता, आता नको म्हणतो. म्हणजे एक घर कमी. आणि सातऐवजी आठ निघाली तर दोन कमी. ठकीला काही झालं तर सातांना बाटलीने कोण पाजणार? रात्रभर कोण बसणार? मी बसेन. पण मला काही झालं तर?

हिला म्हटलं. ही "हं" म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. हल्ली सारखी गॅलरीत असते. काय एवढं बोलायचं असतं मायलेकींना!

रविवार, ८ मार्च

कमाल झाली. ही म्हणते, "मी उद्या लेकीकडे जाते. आठ-दहा दिवस."

"आता? ठकी आज-उद्यावर आलीय!"

"घराला रंग काढलाय तिने. एकटी कुठे कुठे पुरणार?"

रंग! भिंती काय पळून चालल्यात? एवढी वर्षं संसार केला, आणि ऐन वेळी मला एकट्याला टाकून ही डबे-ब्रश धरायला चालली. बोललो. जरा जास्तच बोललो. ही एरवी ऐकून घेणारी नव्हे, पण आज मुकाट्याने बॅग भरत राहिली. त्यात दोन नवे कोरे गाऊन, समोरून बटणांचे. म्हटलं, रंगकामाला नवे गाऊन?

"तिच्यासाठी घेतलेत. तुम्ही थर्मामीटर बघा तुमचा."

सोमवार, ९ मार्च

ही गेली. घर खायला उठलंय.

बुधवार, ११ मार्च

काल दिवसभर लेकीचा फोन लागला नाही. हिचाही नाही. संध्याकाळी ही दोनच मिनिटं बोलली. आवाज बसलेला. म्हणाली, रंगाच्या वासाने. विचारलं, कुठला रंग काढलाय? "पिवळसर," म्हणाली. ठकीची चौकशीसुद्धा केली नाही! मीच सांगितलं, खात नाही म्हणून. उगाच सांगितलं, खात होती. काळजी वाटावी म्हणून सांगितलं.

ठकी माझ्यामागे घरभर फिरते. मी उठलो की उठते, बसलो की बसते. पोट जमिनीला लागायला आलंय बिचारीचं. डॉक्टरीणबाईंना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "आता काय नाही झालं?"

शुक्रवार, १३ मार्च

गार पडली! चारदा बघितला, चारही वेळा खाली. चादरी खरवडतेय, धापा टाकतेय. कात्री उकळून ठेवली, नाळ बांधायला दोरा, पिल्लं ओळखायला रंगीत लोकरीचे धागे, टॉवेल, काटा. काटा स्वयंपाकघरातलाच. ट्रकचा नाही याचंच नवल.

हिला फोन केला. "बरं," म्हणाली. नुसतं बरं!

शनिवार, १४ मार्च, सकाळ

पहिलं आलं! पेटीत नाही, कपाटाजवळ, माझ्या जुन्या स्वेटरवर. पिशवीसकट घसरून पडलं, ठकीने दातांनी पिशवी फाडली, चाटचाट चाटलं, नाळ तोडली, वारही खाऊन टाकली. माझं तोंड उघडंच. कोणी शिकवलं हिला? काळा नर. निळा धागा. ओरडतो मोठ्याने.

त्याच दिवशी, दुपार

काही नाही. पहिलं आलं आणि सगळं थांबलं. थोड्या थोड्या वेळाने पोटाला हात लावून बघतो. दिवा जवळ नेतो. ती उठते, माझ्याजवळ येते, हात चाटते, परत जाते, गोल फिरते. निजतच नाही. आत सहा अडकलीत! मी "ठके, ठके" करत बसलोय. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. येतायत.

नंतर

बाहेर काढलंय मला. माझ्याच घरातून! जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. दार बंद.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वाटेत काही अडलेलं नाही, आतल्या पिल्लांचे ठोके चांगले. मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा, सकाळपासून किती वेळा पोटाला हात लावलात?"

"मोजलं नाही."

"तुम्ही? मोजलं नाही?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो.

"ती तुमच्याकडे बघतेय. तुम्ही घाबरलात की ती उठून तुमच्याकडे येते. तिने आता कळा द्यायच्या की तुम्हाला धीर द्यायचा? बाहेर बसा. मी कोपऱ्यात बसते, तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. लागलात तर हाक मारीन."

लागलात तर! एवढी वर्षं माझ्या शिक्क्याशिवाय एक ट्रक फाटकाबाहेर गेला नाही. आणि आता लागलात तर.

पायरी गार आहे. खालच्या मजल्यावर कुणाची तरी शिट्टी. आत काहीच आवाज नाही. उठलो, दाराला कान लावला, बसलो. असं किती वेळा केलं ते सांगत नाही.

चूं!

चूं चूं. दोन आवाज, वेगळे वेगळे. देवा.

परत एक.

रात्र

चार आली तोवर मी बाहेरच होतो. मग दार उघडलं, "आजोबा, या! हात हवेत!" दोन पाठोपाठ आली होती. एक ठकी चाटत होती, एक तिच्या मागे तसंच पडलेलं, पिशवीत. डॉक्टरीणबाईंनी पिशवी फाडली, तोंड पुसलं, ते माझ्या हातात दिलं. "टॉवेलने चोळा. जोरात. घाबरू नका." ओला मोजा हातात धरावा तसं लिबलिबीत. हलेना. मी चोळत राहिलो. पाठ, छाती, पाठ. घाबरायला वेळच नव्हता. शेवटी त्याला शिंकल्यासारखं झालं. तोंड उघडलं. आवाज आला, एवढासा, गंजलेल्या बिजागरीसारखा.

मादी. लाल धागा. ही लेकीची. ठरवून टाकलं.

शेवटचं मात्र गेलेलं आलं. त्यालाही चोळलं, बराच वेळ. डॉक्टरीणबाईंनीच हात धरून थांबवलं. ठकी त्यालाही चाटत होती. तिने पुन्हा पुन्हा हुंगलं, मग तोंड वळवून बाकीच्यांना जवळ ओढलं. ते मी स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवलंय.

सात आली, सहा राहिली. वजाबाकी.

रविवार, १५ मार्च

सहाही पितायत. काट्यावर एकेक ठेवलं, पातेल्यात टॉवेल घालून. लाल धागा सगळ्यात हलका, पण मागच्या बाजूच्या भरल्या आचळाला तीच सगळ्यात आधी चिकटते. पेटीत हलवलंय सगळ्यांना. आता ठकीला पेटी आवडते म्हणे! मी दिवसातून ठरलेल्या वेळीच जातो. जवळजवळ ठरलेल्या.

हिला फोन करून सगळं सांगितलं. पायरीवर बसवलं तेसुद्धा, दाराला कान लावला तेसुद्धा. फोन मोठ्या आवाजावर असावा. मागून लेकीचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी! हसता हसता ओरडली, "आई गं! बाबा, हसवू नका, दुखतं!"

"काय दुखतं?" मी विचारलं.

ही घाईघाईने म्हणाली, "शिडीवर चढून खांदा भरलाय तिचा."

"रंग झाला का?"

"झाला की," लेक म्हणाली. "मस्त निळा."

मग लाल धागेवालीचं सांगितलं. कशी निपचित होती, कशी ओरडली. ही रडायला लागली. कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढी रडणारी नव्हे ही.

फोन ठेवला. ठकीजवळ जाऊन बसलो, तर तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. उठून बाहेर आलो.

त्या दिवशी ही पिवळसर म्हणाली होती.

सोमवार, १६ मार्च

रंग दिलेलाच नाही. सकाळी हिला एवढंच विचारलं, "भिंती निळ्या की पिवळ्या?" हिने सगळं सांगितलं. लेकीच्या छातीत गाठ होती. मंगळवारी काढली. ती कसली, याचा निकाल यायचाय. लेकीनेच बजावलं होतं, "बाबांना नको कळवू. नाहीतर पडल्या पडल्या मलाच त्यांना धीर देत बसावं लागेल."

गाडीची वेळ बघितली. बॅग काढली. परत ठेवली. मग दोन ओळी पाठवल्या, जोडाक्षरं दोनदा तपासून: "लाल धागेवाली तुझी वाट बघतेय. मी पायरीवर बसलोय. लागलो तर हाक मार."

खरंच पायरीवर बसलोय. फोन मांडीवर आहे. आत ठकी पाजतेय. दाराला कान लावत नाही.

बाळा, निकाल काहीही येवो. पण लवकर कळव.