दुसरी साक्ष

दि. ४ मार्च

ती. वहिनींस,

सादर नमस्कार. मी बरा आहे. पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुमची आणि बाबांची तब्येत ठीक असेल, असं धरून चालतो.

तुमचं पत्र येऊन सोळा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. थंडीचं कारण देणार होतो, पण थंडी इथे रोजच असते.

आधी तुमची कामं. शिंपीदादाची (तुमच्या यजमानांना इथे सगळे तेच म्हणायचे) ट्रंक परवा निघाली, तिची पावती सोबत जोडली आहे. कपडे, टेप, बटणांचा डबा आणि तुमची पत्रं आत आहेत. पत्रं कुणी उघडलेली नाहीत. मोठी कात्री वेगळी गुंडाळली आहे. बाबांना सांगा, धार लावून घ्यावी लागेल. आमच्यातल्या एका शहाण्यानं त्या कात्रीनं पत्रा कापला होता. त्यावर दादा दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या पॅंटला ठिगळ लावून दिलं आणि म्हणाला, "हे घे, तुझ्या अकलेला पुरलं नाही, इथे पुरलं."

इथे सगळे त्याची आठवण काढतात. मेजरसाहेब परेडला उभे राहिले की कुणीतरी हळूच म्हणतं, डावा खांदा अर्धा इंच खाली. हे दादानंच पहिल्या दिवशी शोधून काढलं होतं.

तुम्ही लिहिलंत, बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "कामी आला म्हणतात, पण काम कुठे केलं त्यानं? बंदुकीला हात लावायच्या आधीच गेला. लढला तो त्याचा जोडीदार." आणि खाली तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'भाऊजी, गोळा पडल्यावर ते उठले तरी होते का?'

तुमच्या पत्रात माझे आभारही मानलेत. मी त्याला टेकडीवर सोडून आलो नाही, खांद्यावरून खाली आणलं, म्हणून. चौदा तारखेला मला पदक मिळेल तेव्हा पहिल्या रांगेत बसायला येणार आहात, असंही लिहिलंत.

येऊ नका. तो कार्यक्रम आता माझ्यापुरता तरी होणार नाही.

पदकाची शिफारस कशी होते ते सांगतो. दोन साक्षीदार लागतात. एकानंच पाहिलेलं शौर्य कागदावर धरत नाहीत. मागून मदतीला आलेल्या तुकडीतल्या दोघांनी मला टेकडी उतरताना पाहिलं. खांद्यावर दादा, गळ्यात मशीनगन. त्यांनी तेवढंच सांगितलं. मधला भाग ऑफिसनं भरला.

मी तेव्हा इस्पितळात होतो. अकरा दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. कारकून कागद घेऊन खाटेपाशी आला. भला माणूस आहे. येताना माझ्यासाठी साबण घेऊन आला होता.

"वाचतो, ऐक," तो म्हणाला. "बोलू नकोस. चुकलं तर नुसता हात वर कर."

त्यानं वाचलं. साथीदार पहिल्याच तोफगोळ्यात धारातीर्थी पडल्यानंतर, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, एकट्यानं चौकी लढवली. वाक्य लांब होतं. शेवटी त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर ना?"

मी हात वर केला नाही. हात वर करायला बोलावं लागत नाही, वहिनी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मशीनगनवर दोघे असतात. एक गोळ्या झाडतो. दुसरा गोळ्यांचे पट्टे पुरवतो आणि नळी फार तापली की ती काढून थंड नळी बसवतो. तापलेली नळी धरायला एक जाड हातमोजा असतो. तो दुसऱ्याकडे राहतो. दुसरा मी होतो.

पहिला गोळा पडला तेव्हा दादा उताणा पडला. मला वाटलं, गेला. तो उठला. उठून कपडे झटकले. खरंच झटकले. मग बाहीकडे बघून म्हणाला, "सगळी शिवण उसवली राव." आणि मशीनगनवर बसला.

खालच्या नाल्यातून आमची माणसं जखमींना घेऊन मागे निघाली होती. ती पार होईपर्यंत चौकी सोडायची नव्हती. पट्टे संपत आले तसा दादा म्हणाला, "खाली दरडीत दोन पेट्या आहेत. घेऊन ये. पळ."

मी पळालो. पेट्या सापडल्या. दोन्ही हातांत एकेक घेतली. मग खडकाला टेकून बसलो.

का बसलो, ते मला अजून सांगता येत नाही. पाय शाबूत होते. वाट मोकळी होती. वर मशीनगन चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. थांबली की मला कळायचं, दादा नळी बदलतोय. हातमोजा माझ्या खिशात होता.

नाल्यातली माणसं पार झाली. सगळी वाचली. मग मशीनगन थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. पेट्या माझ्या मांडीवर भरलेल्याच होत्या.

गेल्या आठवड्यात मी मेजरसाहेबांसमोर उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "तू अजून आजारी आहेस."

"नाही साहेब. आजारी होतो तेव्हा गप्प होतो."

"यादी छापून आली आहे. चौकी टिकली ना? मग कुणी टिकवली यात आता कशाला शिरतोस?"

"त्याचा बाप विचारतोय, साहेब."

ते म्हणाले, "तू एक झालास. दुसरा साक्षीदार आण."

वर तर आम्ही दोघंच होतो. मी दोन दिवस हिंडलो. शेवटी इस्पितळातल्या मलमपट्टीवाल्या हवालदाराकडे गेलो. दादाचं शरीर त्यानंच धुतलं होतं. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "त्याचे दोन्ही तळहात भाजलेले होते. सोलले होते. मी वहीत लिहून ठेवलंय. पहिल्या गोळ्यात मेलेल्या माणसाचे तळहात कसे भाजतील, असं मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? माझ्याकडे आलेल्यांना मी धुतो. लढले कसे, ते ऑफिसला माहीत."

तो वही घेऊन माझ्याबरोबर आला. साहेबांनी पान दोनदा वाचलं. मला म्हणाले, "हात दाखव." मी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. त्यांवर काहीच नव्हतं. कारकून दारात उभा होता, तो खाली बघायला लागला.

आमच्या दोघांच्या सह्या झाल्या आहेत. माझं नाव यादीतून काढलं. दादाचं वर पाठवलं आहे. मिळेल की नाही, मिळालं तर कधी, कुणी सांगत नाही. दोन्ही जबान्यांच्या नकला सोबत आहेत. त्या बाबांना वाचून दाखवा. दुकानात लोक असताना दाखवलंत तर बरं.

माझी चौकशी चौदा तारखेलाच ठेवली आहे. हॉल त्या दिवसासाठी आधीच घेतलेला होता.

एक गोष्ट या नकलांमध्ये नाही. ती वेगळ्या कागदावर लिहितो आहे. हा कागद बाबांना द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मशीनगन थांबल्यावरही मी लगेच वर गेलो नाही. मदतीच्या तुकडीच्या हाका ऐकू आल्या, तेव्हा उठलो. दादा कुशीवर होता. खांद्यावर घेतला तेव्हा अंग गरम होतं. त्यानं एकदा श्वास घेतला. माझ्या मानेला तो लागला. खाली पोचेपर्यंत दुसऱ्या श्वासाची वाट पाहिली. तो आला नाही.

लवकर आणलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चौकशीत मला इतकंच विचारतील, की लवकर जाता आलं असतं का?

मी 'हो' म्हणणार आहे. ते इतर कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं.

उत्तर पाठवू नका, असं लिहिणार होतो. तेही सांगायचा मला अधिकार नाही.

मशीनगनवरचा दुसरा