म्हैस कॅलेंडर बघून दूध देत नाही

नाना, परवा एका अनोळखी वाचकाचा ई-मेल आला. त्यात त्याने मला 'विनोदी लेखिका' म्हटलं होतं. मी लगेच कळवलं की मी विनोदी लेखिका नाही, कॉम्प्युटर शिकवणारी बाई आहे, आणि पेनड्राइव्ह उपटून काढू नये असं जे लिहिलं ती सूचना होती, ती पाळावी. त्यावर त्याचं उत्तर आलं, "मॅडम, हे तर त्याहून भारी." तेव्हा तुमची आठवण झाली. खरं सांगायचं तर आधी राग आला, आठवण मागून आली. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात इंटरनेट म्हणजे नारायणगावला एका दुकानात पडदे लावून केलेल्या चार खोपट्या होत्या, म्हणून थोडं सांगते. इंटरनेटवर माझं एक पान आहे. कॉम्प्युटरच्या जगात काय नवीन आलं, काय बंद पडलं, लोक त्याचं काय करून ठेवतात, यावर मी आठवड्याला मराठीत लिहिते. तुमच्या फळ्यासारखंच ते, पण संध्याकाळी पुसायची सोय नाही. लिहिलेलं कायम राहतं, त्यामुळे चूक झाली तर तीही राहते.

फळा म्हणजे खरं तर काळा रंग मारलेला पत्रा. फाट्यावरच्या तुमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर तो टांगलेला असायचा. सकाळी पेपर उभ्यानेच वाचायचा, त्यातली यंत्रांची एखादी बातमी उचलायची आणि खडूने दोन ओळी लिहायच्या, हा तुमचा शिरस्ता. "शहरात पेजर आलाय. तो खिशात वाजतो आणि माणूस फोन शोधत पळतो. आमच्याकडे हाक मारली तरी माणूस पळत येतो, बॅटरी लागत नाही." किंवा केबल आली तेव्हा, "चाळीस चॅनेल आले, रिमोट एकच आला. घराघरांत तयारी ठेवावी." एसटीतून उतरलेला माणूस आधी तुमचा फळा वाचायचा, मग चहाचं बघायचा. निमगाव साव्याहून बाजाराला येणारा एक म्हातारा वाचता येत नसलेल्या सोबत्यांना तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि शेवटचा शब्द हसण्यात बुडवायचा. दिवस मावळायच्या आत फळा पुसायचा नाही, हा तुमचा नियम. संध्याकाळी परत जाणाऱ्यांनाही वाचायला मिळालं पाहिजे.

मी, तुमची मुलगी, मात्र हसत नव्हते. मी बी.एस्सी. झालेली, पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नारायणगावच्या क्लासमध्ये शिकवणारी. वर्गात बाई हसली की मुलं ऐकत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि ती सवय घरीही आली. आळ्यातल्या दूध संस्थेत नवा कॉम्प्युटर बसवला होता, त्याचं काम मी बघायचे. संस्थेत त्याचा थाट काय वर्णावा. चपला बाहेर, वर क्रोशाचं झाकण, दसऱ्याला झेंडूची माळ, आणि चेअरमन स्वतः हजर असल्याशिवाय प्रिंटर चालू करायचा नाही. तुम्ही एकदा विचारलं होतंत, "नैवेद्य काय दावत्यात त्याला?" 

नव्याण्णव सालचा हिवाळा. पेपरमध्ये रोज यायचं की एकतीस डिसेंबर सरला की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार. त्यात पुष्कळ अतिशयोक्ती होती, पण आमच्या संस्थेपुरती गोष्ट खरी होती. दुधाच्या बिलांचा प्रोग्राम ज्याने लिहिला तो माणूस केव्हाच निघून गेला होता आणि त्याने सालाला दोनच आकड्यांची जागा ठेवली होती. शून्य शून्य आलं की प्रोग्राम ते नव्याण्णवच्या मागे टाकणार, जानेवारीचं दूध डिसेंबरच्या आधी घातलं असं धरणार आणि दर दहा दिवसांनी निघणारी बिलं चुकणार. दुरुस्ती मला येत होती. पण त्यासाठी दोन दिवस कॉम्प्युटर बंद ठेवून दुधाच्या पावत्या हाताने लिहाव्या लागणार होत्या. मी महिनाभर चेअरमनांच्या मागे लागले होते. ते जवळजवळ तयार झाले होते. त्याच आठवड्यात तुम्ही फळ्यावर लिहिलंत, "कॉम्प्युटर म्हणे शंभर वर्षं मागं जाणार. जाऊ द्या. म्हैस कॅलेंडर बघून दूध देत नाही."

दुपारपर्यंत ते वाक्य ओतूरपर्यंत पोचलं. चार वाजता संस्थेची बैठक होती. मी दोन आकडी साल समजावून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "ताई, एक सांगा. म्हैस क्यालेंडर बघून दूध देती का?" सगळी बैठक हसली. मापाडी हसला, सचिव हसला, ज्याला दोन वाक्यांपूर्वी माझं म्हणणं पटलं होतं तोही हसला. "बापाचं ऐका की ताई. लई अनुभवी मानूस हाय." मी उठले आणि सरळ दुकानात आले.

तुम्ही एका ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं पोट उघडून बसला होता. मी म्हटलं, "नाना, फळा पुसा."

"का? दिवस कुठं मावळलाय?"

"लिहिलंय ते चुकीचं आहे."

तुम्ही सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलंत. "खोटं हाय का चुकीचं हाय?"

"दोन्ही एकच."

"न्हाई. म्हैस क्यालेंडर बघत न्हाई हे खरं हाय. मग चुकलं काय ते सांग."

दुरुस्तीला आलेल्या टीव्हींच्या पाठीवर तुम्ही खडूने नंबर टाकत होता. नव्याण्णव झाले की पुन्हा एकपासून. मी एक नंबरचा टीव्ही दाखवला आणि विचारलं, हा आधी आला की तो नव्याण्णववाला? तुम्ही म्हणालात, "ह्यो काल आला. त्याच्यावर धूळ न्हाई बघ." मी म्हटलं, "तुम्हाला धूळ दिसते. कॉम्प्युटरला दिसत नाही. तो हा एक नंबर सगळ्यात जुना धरणार." तुम्ही तो एक नंबर बोटाने पुसलात. मग म्हणालात, "एवढंच व्हतं तर आधी का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही लिहिण्याआधी विचारलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. "काल या फळ्यावर लिहिणाऱ्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. त्याच्या मुलीला कळतं. चेअरमननी तिचं ऐकावं." मी दारात उभी होते. पहिला माणूस एसटीतून उतरला, त्याने वाचलं आणि तो इतका हसला की त्याला पत्र्याचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली. "या राव, आज नानानं चेअरमनलाच धरलंय." तुम्ही बाहेर येऊन सांगताय, "आरं, मी खरं बोलतोय," आणि त्यावर आणखी हशा. शेवटी तुम्ही टोपी घालून स्वतः संस्थेत गेलात. मी मागून आले होते, खिडकीतून सगळं ऐकलं. तुम्ही अगदी नीट सांगितलंत, टीव्हीच्या धुळीसकट. चेअरमन पुढे झुकून, तोंडावर हसू तयार ठेवून ऐकत होते. तुमचं संपलं तेव्हा ते म्हणाले, "हां, मग पुढं?"

"पुढं काय न्हाई. एवढंच."

आणि खोलीत हशा फुटला. चेअरमनांनी डोळे पुसले. "नाना, तुमच्यासारखा मानूस न्हाई बघा तालुक्यात."

परत येऊन तुम्ही दुकानात शिरताना एवढंच म्हणालात, "माझं तोंड या कामाचं राह्यलं न्हाई. खडू घे. तूच लिव्ह." फळ्याला त्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी तिसऱ्या दिवशी लिहिलं: "दूध संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये साल दोन आकडी आहे. ते चार आकडी केलं पाहिजे. दोन दिवस पावत्या हाताने लिहाव्या लागतील. हे न केल्यास जानेवारीची बिलं चुकतील. तेव्हा मला बोलावू नये." लोक आले, वाचलं, एकमेकांकडे बघितलं. निमगाव साव्याच्या म्हाताऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "नाना आजारी हैत का?" संध्याकाळी चेअरमनांचा निरोप आला की ताईंनी काम सुरू करावं. निरोप आणणारा म्हणाला, "चेअरमन म्हनलं, ती पोरगी मस्करी करत न्हाई."

मी दुरुस्ती केली. एक जानेवारीला सकाळचं दूध नीट नोंदलं गेलं, दहा तारखेला बिलं नीट निघाली. काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून सगळा फाटा तुमच्याकडे आला. "नाना, तुमी म्हनला व्हता तसंच झालं. उगं दोन दिस हातानं लिवलं." चहाच्या टपरीवर तुम्हाला पैसे देऊ दिले नाहीत. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, "काही झालं नाही, कारण माझ्या मुलीने काम केलं," आणि तालुक्याने त्यालाही दाद दिली. त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "राग आला का गं?" मी म्हटलं, "नाही." पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तो विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही.

इंटरनेटवर मराठी सरळ लिहिता यायला लागल्यावर मी लिहायला बसले, ते गंभीरपणे. पहिला लेख 'रिफ्रेश'वर. कॉम्प्युटर सुरू केला की आपली माणसं उजवं बटण दाबून चार-पाच वेळा रिफ्रेश करतात. त्याने काहीही होत नाही. मी लिहिलं की बसायच्या आधी सतरंजी झटकतात तसं हे आहे, फरक इतकाच की सतरंजीवर धूळ असते. खाली प्रतिक्रिया आल्या, हसून पोट दुखलं म्हणून. मी प्रत्येकाला उत्तर दिलं की यात हसण्यासारखं काही नाही, सवय सोडावी. त्यावर ते आणखी हसले. त्या दिवशी मला संस्थेची खिडकी आठवली. खरं बोलायचं आणि समोरच्याने "मग पुढं?" म्हणून थांबायचं, हे तुमच्या बाजूने कसं लागत असेल ते मला तेव्हा कळलं.

पुढे आणखी एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. अवसरीचे एक निवृत्त गृहस्थ माझ्या वर्गात ई-मेल शिकून गेले होते. त्यांना परदेशातून मेल आला की तुम्हाला मोठी लॉटरी लागली आहे, आधी थोडे पैसे भरा. त्यांनी मला फोन केला. मी तीन वेळा स्वच्छ सांगितलं की ही फसवणूक आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा सोभावच संशयी हाय." त्या आठवड्यात मी पानावर लिहिलं, "तिकीट न काढता लागलेली लॉटरी ही लग्न न करता मिळालेल्या सासूसारखी असते. ओळख नाही, पण मागणं सुरू." दोन दिवसांनी त्यांचा फोन. ते वाक्य त्यांच्या सुनेने वाचून दाखवलं होतं. बराच वेळ ते हसत होते, मग म्हणाले, "पैसे न्हाई भरलं. सासूच ती." जे तीन वेळा सरळ सांगून झालं नाही ते एका ओळीने झालं. म्हणजे माझं तोंड नेमकं ज्या कामाचं नव्हतं, त्या कामाला तुमची ओळ आली. ओळ माझीच होती, पण ती बसवायची रीत तुमची.

म्हणून आता माझं मत पक्कं आहे आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल. विनोद केलात ही तुमची चूक नव्हती. विचारायच्या आधी केलात, ही होती. मी लिहिताना आधी मशीन उघडून बघते, ज्याला कळतं त्याला विचारते, मगच ओळ जुळवते. कधी कधी ओळ इतकी चांगली जमते की विचारायचा कंटाळा येतो. तेव्हा मी ती खोडते, पुन्हा विचारते, आणि बहुतेक वेळा ती परत लिहिता येते. लोक हसतात, हसू द्यावं. हसून झाल्यावर त्यातला एक तरी पेनड्राइव्ह नीट काढतो. मी पूर्वीइतकीच कडक आहे, पण हल्ली वर्गात क्वचित हसते. मुलं ऐकायची थांबलेली नाहीत.

हे मी पानावर टाकणार नाही. टाकलं तर लोक दाद देतील आणि ती मला नको आहे. कॉम्प्युटरमध्येच राहील, तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे मला माहीत आहे. एक राहिलं. एक जानेवारीला सकाळी संस्थेत मी चेअरमनांच्या शेजारी उभी राहून कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू व्हायला तेव्हा बराच वेळ लागायचा. पडदा काळा होता, सगळे बघत होते. दुरुस्ती माझी, चार आकडे मीच बसवलेले. तरी त्या काळ्या पडद्याकडे बघताना, तुमची ओळ सगळ्यांसमोर चुकीची ठरावी म्हणून, मला मनापासून वाटलं होतं, नाना, की हा बंद पडावा.